पंखा आणि एंजिन यांच्यामधली सैल जागा



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी कामगार यांवाचून तो दुसरे काय बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती अगदीच गैर आहे असे नाही. पण आज आम्ही यंत्राच्या एका भागाविषयी बोलणार आहोत. हलक्या विमानाच्या एंजिनात, एंजिन आणि पंखा यांच्यामध्ये एक गिअरपेटी असते आणि त्या पेटीच्या पोटात एक क्लच असतो. तो बाहेरून दिसत नाही, वैमानिकाच्या हातात त्याचा दांडा नसतो, आणि विमान सुखरूप उतरले तर त्याची आठवणही कोणास होत नाही. अशा वस्तूंविषयी आम्हांस मुळातच जिव्हाळा आहे.

विषय सुचला तो असा. आमच्या संघटनेतील एका फिटरचा मुलगा राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत आहे. दोन माणसांच्या मायक्रोलाइट विमानात एकदा बसून आल्यावर तो आमच्या कचेरीत आला आणि म्हणाला, “काका, मेकॅनिकने पंखा हाताने हलवून दाखवला. एंजिन जागचे हलले नाही, पण पंखा थोडासा मागेपुढे फिरला. एवढ्या जोखमीच्या जागी अशी सैल वस्तू कशी चालते?” प्रश्न इतका रास्त होता, की उत्तर ठाऊक नसल्याची आम्हांला लाज वाटली. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पण शब्दकोश जवळ घेऊन यंत्राची नियमपुस्तिका वाचण्याची सवय कारखान्याने लावली आहे. त्याच सवयीने आम्ही उत्तर शोधले. ते आपणांपुढे ठेवतो.

गिअरपेटी हवीच कशाला?

आधी गिअरपेटीचा विचार करू, कारण ती नसती तर क्लचचा प्रश्नच उद्भवला नसता. जुन्या पद्धतीच्या कित्येक विमान एंजिनांत पंखा थेट क्रँकशाफ्टच्या तोंडावर बोल्टांनी आवळलेला असतो. सेसना १५० या प्रसिद्ध शिकाऊ विमानातील काँटिनेंटल ओ-२०० एंजिन असेच आहे. त्याची शक्ती १०० अश्वशक्ती, फेरे मिनिटाला सुमारे २७५०, आणि सिलिंडरांचे आकारमान सुमारे ३.३ लिटर. याच्या शेजारी ऑस्ट्रियातील गुन्सकिर्शन येथे तयार होणारे रोटॅक्स ९१२ हे एंजिन ठेवून पाहा. त्याच्या १०० अश्वशक्तीच्या प्रकाराचे आकारमान जेमतेम १.३५ लिटर आहे. निम्म्याहूनही लहान पोटाचे हे एंजिन तेवढेच काम कसे करते? ते अधिक वेगाने पळते म्हणून. उड्डाणाच्या वेळी त्याचे फेरे मिनिटाला ५८०० पर्यंत जातात. लहान घागरीने तेवढेच पाणी भरायचे तर खेपा वाढवाव्या लागतात, तसाच हा हिशेब आहे.

पण एंजिनाला जो वेग मानवतो तो पंख्याला मानवत नाही. पंखा १.७ मीटर व्यासाचा धरला आणि तो ५८०० फेऱ्यांनी फिरवला, तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५०० मीटरच्या पुढे जाईल. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. टोके ध्वनीच्या वेगाजवळ गेली, की पंखा हवा मागे लोटण्याऐवजी कर्कश आवाज करण्यातच शक्ती दवडतो. म्हणून मध्ये दंतचक्रांची जोडी घालून वेग उतरवावा लागतो. या एंजिनात ते प्रमाण २.४३ ला १ असे आहे. म्हणजे एंजिनाचे ५८०० फेरे झाले असता पंख्याचे सुमारे २३९० होतात, आणि टोकाचा वेग सेकंदाला २१२ मीटरच्या आसपास राहतो. एंजिन आपल्या चालीने चालते, पंखा आपल्या चालीने. दोघांची चाल वेगळी असूनही दोघे एकाच कामाला जुंपलेले.

धक्के कोठून येतात?

येथपर्यंत सारे सोपे आहे. अडचण यापुढे सुरू होते. एंजिन शक्ती देते ती सलग धारेसारखी देत नाही, घणाच्या घावांसारखी तुटक देते. चार सिलिंडरांच्या, चार फटक्यांच्या एंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. ५८०० फेऱ्यांना सेकंदास सुमारे १९३ घाव पडतात. ते इतके दाट असतात, की त्यांची जवळजवळ धारच होते. पण एंजिन संथ, १४०० फेऱ्यांनी चालू असताना सेकंदास जेमतेम ४७ घाव पडतात आणि दोन घावांमध्ये मोकळी फट राहते. स्फोट झाला की क्रँकशाफ्ट पुढे उसळतो. स्फोट ओसरला की रेंगाळतो. पंखा मात्र जड आणि लांब. जात्याची वरची तळी जशी एकदा फिरू लागली की आपल्या ओघात फिरतच राहते, तसा तो फिरत असतो. मग एका क्षणी एंजिन पंख्याला ढकलते आणि पुढच्या क्षणी पंखाच एंजिनाला ढकलू लागतो. गिअरच्या दातांमध्ये थोडी फट ठेवावीच लागते. त्या फटीत दात एकदा या अंगावर, एकदा त्या अंगावर आपटू लागतात. हातोडी आणि ऐरण दोन्ही एकाच पेटीत कोंडल्यासारखे होते.

पंखा थेट क्रँकशाफ्टवर असता, तर तोच जडशीळ चाकाचे काम करून हे घाव गिळून टाकतो. मध्ये गिअर आले की ती सोय जाते. शिवाय आणखी एक धोका असतो. झोपाळ्याला प्रत्येक हेलकाव्याच्या वेळी नेमका टेका दिला, तर हलक्या हातानेही झोका कडीपाटाला लागतो. लांब शाफ्टच्या एका टोकाला एंजिन आणि दुसऱ्या टोकाला पंखा ही जोडीसुद्धा पिळाच्या दिशेने असाच झोका घेत असते. स्फोटांची लय आणि झोक्याची लय जुळली, तर साधे एंजिन आपलाच शाफ्ट पिळून मोडू शकते.

ही गोष्ट विमानविद्येच्या जन्माइतकीच जुनी आहे. १९०३ साली राइट बंधूंच्या विमानाचे १२ अश्वशक्तीचे एंजिन त्यांच्या सायकल दुकानातील कारागीर चार्ली टेलर याने लेथ, ड्रिल आणि हातहत्यारे यांच्या साहाय्याने सुमारे ६ आठवड्यांत बनवले. एंजिनाकडून दोन पंख्यांकडे शक्ती नेण्यासाठी सायकलीसारख्याच साखळ्या होत्या. लहान चक्राला ८ दात, मोठ्याला २३. नोव्हेंबरमध्ये किटी हॉक येथे एंजिन चालवून पाहताना ते अवेळी फुटून हिसके देऊ लागले आणि त्या हिसक्यांनी पंख्यांचे शाफ्ट बिघडले. ते डेटनला धाडून दुरुस्त करून आणले, तर शाफ्टवरील चक्रे सैल होऊ लागली. ती सायकलीच्या टायरला लावायच्या सिमेंटने चिकटवली. पुढे शाफ्टला पुन्हा तडा गेला. ऑरव्हिल स्वतः डेटनला गेला, स्प्रिंग-पोलादाचे भरीव शाफ्ट करून परतला, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी विमान उडाले. शाळेच्या पुस्तकात ते उड्डाण आहे, मोडलेले शाफ्ट नाहीत. टेलरचे नावही क्वचितच असते; १९५६ साली तो वारला त्यापूर्वीच्या वर्षांत तो एका इस्पितळाच्या धर्मादाय विभागात पडून असल्याचे आढळले होते.

क्लचचे तीन प्रकार

या धक्क्यांवर तोड म्हणून गिअरपेटीत जे बसवतात, त्याला आपण ढोबळपणे क्लच म्हणतो. पण क्लच या एका नावाखाली तीन निरनिराळी कामे येतात. ती वेगळी ओळखली नाहीत तर घोटाळा होतो.

पहिला प्रकार केंद्रोत्सारी क्लचचा. आपल्या गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये तो असतोच. एंजिन संथ असते तोवर चाक फिरत नाही. वेग वाढला की आतील वजने बाहेर फेकली जाऊन ड्रमला घट्ट धरतात आणि स्कूटर चालू लागते. दोन फटक्यांच्या काही लहान विमान एंजिनांना असा क्लच जोडतात. एंजिन सुरू करताना पंखा स्थिर राहतो, आणि मंद वेगातील खडखडाट पंख्यापर्यंत पोहोचतच नाही. पण त्याची किंमतही आहे. आकाशात एंजिन बंद पडले, तर सुटा झालेला पंखा वाऱ्याने भिरभिरत राहतो आणि विमानाला मागे ओढतो. शिवाय जमिनीवर विमान चालवताना एंजिन नेमके धरू की सोडू अशा वेगात रेंगाळत ठेवले, तर क्लच घासून तापतो. चढणीवर अर्धा क्लच दाबून गाडी उभी करणाऱ्या ड्रायव्हरला हे वेगळे सांगावयास नको.

दुसरा प्रकार धक्का गिळणाऱ्याचा. मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या ड्रममध्ये रबराचे तुकडे असतात. साखळीचा हिसका ते खातात. काही विमान गिअरपेट्यांत अशीच रबराची चकती घालतात. रोटॅक्स ९१२ मध्ये रबराऐवजी पोलादाचीच युक्ती आहे. समोरासमोर दोन भाग, दोहोंना उतार असलेले जाड दात. या दातांच्या जोडीला कारागीर डॉग क्लच म्हणतात. एका भागाला मागून वाटीच्या आकाराच्या पोलादी चकत्यांच्या स्प्रिंगा दाबून धरतात. धक्का आला की दात एकमेकांच्या उतारावर चढतात, तो भाग मागे सरतो आणि स्प्रिंगा दबतात. धक्का ओसरला की स्प्रिंगा त्याला पुन्हा जागेवर लोटतात. धक्का जेवढा मोठा, तेवढा चढ अधिक आणि विरोधही अधिक.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. या दातांच्या मध्ये मुद्दाम १५ किंवा ३० अंशांची मोकळीक ठेवलेली असते, आणि ती मोकळीकही घर्षणाने आवरलेली असते. एंजिन संथ चालते तेव्हा त्याचे घाव या मोकळ्या जागेत खेळून विरतात. दातांवर पोहोचत नाहीत. मुलाला जो सैलपणा जाणवला तो झीज नव्हे. ती आखून, मोजून ठेवलेली जागा आहे.

तिसरा प्रकार अतिभाराच्या क्लचचा. नेहमीच्या कामात तो मुळीच हलत नाही. पण सुरू होताना, बंद होताना किंवा एकाएकी भार बदलताना जो तडाखा बसतो, तो मर्यादेबाहेर गेला तर हा क्लच घसरतो. पंख्याचे पाते जमिनीला लागले, तरी तो घसरून क्रँकशाफ्टवरचा घात टाळतो. या कुळातील प्रमाणित एंजिनांत तो मुळातच बसवलेला असतो. अर्थात त्याने घसरून एंजिन वाचवले, म्हणून तपासणीतून सुटका नाही. पाते जमिनीला लागले, की एंजिन आणि गिअरपेटी तपासल्यावाचून विमान पुन्हा उडवायचे नसते.

तुटावे की घसरावे?

शेतकरी बंधूंना रोटाव्हेटरचा अनुभव असेल. दगड लागला की एक ठरावीक बोल्ट तुटतो, नि गिअर वाचतो. मग विमानातही तुटणारा बोल्टच का घालू नये? कारण उघड आहे. शेतात बोल्ट तुटला तर ट्रॅक्टर बांधावर उभा करता येतो. आकाशाला बांध नाही. तेथे घसरणारी आणि धक्का ओसरताच पुन्हा घट्ट धरणारी वस्तूच हवी. क्लचने कायम धरून बसणे चुकीचे, आणि कायम सोडणेही चुकीचे.

या ठिकाणी आमच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगावासा वाटतो. आम्ही पंचविशीत ज्या कारखान्यात होतो, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे माल वाहून नेणाऱ्या साखळीच्या चक्रात असाच एक पिन होता. माल अडकला की तो तुटे, साखळी थांबे, आणि पिन बदलण्यात वेळ जाई. एका पाळीत तो तीनदा तुटला, तेव्हा वरून हुकूम आला आणि पिनाच्या जागी कडक पोलादाचा बोल्ट बसला. दोन दिवस काम झकास चालले. तिसऱ्या दिवशी माल अडकला. बोल्ट तुटला नाही, म्हणून साखळी तुटली, आणि तिचे टोक आमच्या शेजारच्या हेल्परच्या मनगटावर आले. त्याचा तो हात पुढे कधी धड चालला नाही. चौकशीच्या कागदावर कारण लिहिले गेले, “कामगाराचा निष्काळजीपणा.” आम्ही त्या वेळी एवढेच म्हणालो, की तो बोल्ट टेबलावर आणा. तो आणला गेला नाही. आमचे संघटनेचे काम त्या बोल्टापासून सुरू झाले असे म्हटले तरी चालेल. जो पिन वारंवार तुटतो तो दोषी नसतो. पुढे काहीतरी अडते आहे, एवढेच तो सांगत असतो.

म्हणून विमानाच्या क्लचविषयी वाचताना आमचे लक्ष सर्वांत आधी गेले ते त्याच्या देखभालीकडे.

हाताला कळणारी तपासणी

ही तपासणी साधी आहे. प्रज्वलन बंद करून, क्रँकशाफ्टला कुलपाचा स्क्रू लावून तो जागच्या जागी अडकवतात. मग पंखा त्या १५ किंवा ३० अंशांच्या मोकळ्या जागेत मागेपुढे फिरवतात. तो सहज गडगडता कामा नये आणि अडकताही कामा नये. विरोध किती हवा याची मर्यादा नियमपुस्तिकेत दिलेली आहे: २५ ते ६० न्यूटन-मीटर. आपल्या भाषेत सांगायचे तर, मध्यापासून अर्ध्या मीटरवर पात्याला ताणकाटा बांधून ओढले असता तो साधारण ५ ते १२ किलो दाखवतो. याहून कमी भरले तर आतील घर्षण झिजले आहे, आणि गिअरपेटी उघडावी लागणार. बाजारात भाजीवालीच्या काट्यावर आपण नजर ठेवतो, तेवढीच नजर येथे पुरते.

दुसरी गोष्ट तेलाची. या एंजिनात एंजिनाचे आणि गिअरपेटीचे तेल एकच. गिअरच्या दातांना दाब सोसणारे तेल लागते, म्हणून मोटारसायकलसाठी असते त्या जातीचे, गिअरला उपयुक्त द्रव्ये घातलेले तेल सांगितलेले आहे. मात्र घर्षण कमी करणारी खास द्रव्ये ज्यात असतील ते तेल चालत नाही. कारण ज्या क्लचने घर्षणानेच धरायचे, तो नेहमीच्या कामातच घसरू लागेल. महाग तेल म्हणजे चांगले तेल, ही समजूत येथे घात करते. शिसे असलेले विमानी पेट्रोल वापरले, तर त्याचा गाळ तेलात उतरतो. तेव्हा तेल लवकर बदलावे लागते. तेलाच्या वाटेत एक चुंबकी बूच असते. ते काढून पाहिले असता पोलादाचा कीस चिकटलेला दिसला, तर पेटीच्या आत काय चालले आहे ते कळते.

तिसरी गोष्ट चालवण्याची. बॅटरी मरगळलेली असताना एंजिन सुरू करू नये. क्रँकशाफ्ट पुरेशा वेगाने फिरला नाही, तर स्फोट अवेळी होऊन एंजिन उलटा हिसका देते, आणि तो थेट गिअरपेटीत जातो; राइट बंधूंच्या शाफ्टचे दुखणे तेच होते. सुरू झाल्यावर एंजिन आधी सुमारे २००० फेऱ्यांवर दोन मिनिटे आणि मग २५०० वर तापवावे. अगदी मंद ठेवून खडखडू देऊ नये. ज्या एंजिनांना दोन कार्बुरेटर असतात, त्यांत दोघांचा मेळ जमलेला असावा. एक बैल ओढतो आणि दुसरा रेंगाळतो, तेव्हा गाडीचे जू कुरकुरते. येथे गिअरपेटी कुरकुरते.

हे सारे परक्या देशाचे आहे असे मानू नये. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने घडवलेले हंसा हे शिकाऊ विमान १९९३ साली प्रथम उडाले. त्याचा हंसा-३ हा प्रकार रोटॅक्स ९१४ वर चाले, आणि २०२१ मध्ये प्रथम उडालेल्या नव्या हंसात रोटॅक्स ९१२ च्याच कुळातील एंजिन आहे. आपली मुले ज्या विमानांत शिकतात, त्यांच्या पेट्यांत हेच क्लच आहेत आणि हीच तपासणी आहे.

आता शेवटचा मुद्दा. ही तपासणी अवघड नाही. तिला वेळ लागतो, एवढेच. तो वेळ कोण देतो आणि कोण कापतो, यावर सारे अवलंबून आहे. विमान उडवायची घाई असताना मेकॅनिकने ताणकाट्यावर ४ किलो वाचले, आणि “आज विमान उडणार नाही” असे म्हटले, तर त्याचा शब्द चालला पाहिजे. तो शब्द चालत नसेल, तर पेटीतला सर्वांत उत्तम क्लचही कडक बोल्टासारखाच समजावा.

त्या मुलाला आम्ही एवढेच सांगितले, की पंखा सैल लागला म्हणून भिऊ नकोस. किती सैल आहे ते मेकॅनिकला विचार, आणि त्याने मोजले का तेही विचार. पुढच्या वेळी त्याने खरोखरच विचारले. मेकॅनिकने वही काढून आकडा दाखवला, आणि मग स्वतःच ताणकाटा त्याच्या हातात दिला.